उपाशी राहिलं तरी पिशवी भरतेच

हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावातून 48 वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. आठ महिन्यांपूर्वी त्यांचं गुदाशयाच्या गाठीचं ऑपरेशन झालं. तेव्हा लहान आतड्याचं टोक पोटावर काढून तिथे शौच जमा होणारी पिशवी लावली. केमो संपून दोन महिने झाले. पिशवी बंद करायचं ऑपरेशन पुढे व्हायचं आहे, पण त्याआधी मे महिन्यात लेकीचं लग्न आहे. त्या लिहितात: "पिशवी दिवसातून आठ-नऊ वेळा रिकामी करावी लागते. म्हणून खाणं कमी केलं. सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि वरण, रात्री काही नाही. कुठं जायचं असलं की आदल्या दिवसापासून उपाशी राहते. पाणी मात्र भरपूर पिते, माठ संपतो पण तहान जात नाही, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. वजन नऊ किलो उतरलं. आता ठरवलंय की हळदीच्या आदल्या दिवसापासून पाठवणी होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. तसाही कन्यादानाचा उपवास असतोच. मालक म्हणतात, चक्कर येऊन मांडवात पडशील. आणि मनात असंही येतं, की पोटावर घाण घेऊन कन्यादानाला बसावं का? जावेला बसवू का? व्याह्यांना यातलं काहीच माहीत नाही."

ताई,

लेकीचं लग्न ठरलं, आधी त्याबद्दल अभिनंदन. तुम्ही लग्नाचं विचारलंत, पण मला सुरुवात पोटऱ्यांतल्या गोळ्यांपासून करावी लागेल. ते तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात. माठभर पाण्यानंही न भागणारी तहान, रात्रीचे गोळे, आणि मालकांना वाटणारी चक्करेची भीती. ती भीती उगाच नसणार, तुम्हाला कधीतरी भिंत धरताना त्यांनी पाहिलं असेल. लहान आतड्याची पिशवी असलेल्या माणसात या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, की अंगातलं मीठ आणि पाणी पिशवीवाटे वाहून जात असल्याची दाट शंका येते. लग्नाची यादी नंतर करा. या आठवड्यात रक्त तपासून घ्या: सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन. लघवी अगदी कमी आणि गडद होत असेल किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सलाईन लागू शकतं.

आता तुमच्या हिशेबाकडे येते. घातलं कमी की निघेल कमी, असा तो हिशेब आहे. कणगीला तो बरोबर लागू पडतो. आतड्याचं तसं नसतं. रोज आपल्या लहान आतड्यात आठ-नऊ लिटर पातळ द्रव उतरतो. त्यातलं आपण खाल्लेलं-प्यायलेलं जेमतेम दोन लिटर. बाकी सगळं शरीर स्वतः तयार करतं: लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस. यातलं बहुतेक लहान आतडंच परत शोषून घेतं. जे लिटर-दीड लिटर उरतं, ते मोठं आतडं शोषतं, आणि त्यासोबत मीठही परत अंगात घेतं. तुमची वाट मोठ्या आतड्याच्या आधीच बाहेर काढली आहे. त्यामुळे हे शेवटचं काम होत नाही.

म्हणून तुम्ही दोन दिवस उपाशी राहिलात, तरी आतड्याचे रस थांबणार नाहीत. पिशवीत काही ना काही येतच राहील. त्यात अन्नाचा चोथा नसल्यामुळे ते पाण्यासारखं पातळ येईल. ते पिशवीच्या कातडीला चिकटवलेल्या चकतीखाली लवकर शिरतं, चकती सुटते, आणि त्यात पाचक रस असल्यामुळे कातडी भाजल्यासारखी लाल होते. रिकाम्या पोटी गॅसही जास्त होतो. मांडवात ज्याची भीती वाटते, नेमकं तेच घडायची शक्यता उपवासानं वाढते. पोटभर जेवून घट्टसर आलेली पिशवी सांभाळायला कितीतरी सोपी.

आणि नऊ किलो, ताई. तुमच्यापुढे अजून एक ऑपरेशन आहे. आतडं परत जोडायचं, ती जागा भरून यायची, तर अंगात ताकद आणि प्रथिनं हवीत. लग्नासाठी जे वजन तुम्ही घालवताय, ते शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन मागणार आहेत.

पाण्याचंही उलटं आहे, आणि आपल्या भागात हे सांगितलेलं लोकांना पटत नाही. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, घसा कोरडा पडतो, तेव्हा "पाणी पी" हाच सल्ला आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. तुमच्या आतड्यासाठी नुसतं पाणी पुरेसं नाही. त्यात मीठ नसतं. असं पाणी लहान आतड्यात भरपूर आलं, की आतडं आपल्याकडचं मीठ त्यात सोडतं, आणि मग पाणी आणि मीठ दोन्ही पिशवीत उतरतात. माठ रिकामा होतो आणि तहान तिथेच राहते. उसाचा रस, कोल्ड्रिंक, गोड सरबत यांनी तर आणखी पातळ होतं, कारण जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते.

त्याऐवजी ओआरएस घ्या. मेडिकलमध्ये मागताना डब्ल्यूएचओच्या सूत्राची पावडर मागा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि लहान पाकीट 200 मिलिलिटरसाठी. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, कमी नाही आणि जास्त नाही. फळांच्या चवीचे तयार गोड डबे घेऊ नका. पाकीट मिळालंच नाही, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दिवसातून एक लिटर, घोट घोट, दिवसभर पुरवून. चव आवडत नसेल तर गार करून घ्या, लिंबाचे चार थेंब पिळा. कालवलेलं 24 तासांत संपवायचं, उरलं तर फेकून द्यायचं. साधं पाणी बंद करायचं नाही, पण अख्खा तांब्या एका दमात रिचवायचा नाही, आणि जेवताना पाणी कमी, जेवणाच्या अर्धा तास मागेपुढे प्यायलेलं बरं. जेवणात मीठ थोडं सढळ चालेल. फक्त रक्तदाब, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, किंवा साखर असेल, तर मिठाचं आणि ओआरएसचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दोन दिवस एक काम करा. एक लिटरचा खुणा असलेला मग घ्या, पिशवी त्यात रिकामी करा आणि वहीत लिहा. आठ महिन्यांनंतर दिवसाला अर्धा ते एक लिटर, आंबिलीसारखं किंवा पातळ पिठल्यासारखं येत असेल, तर ठीक. दीड लिटरच्या वर जात असेल तर सर्जनना फोन करा आणि आकडा सांगा. "खूप होतंय" म्हणण्यापेक्षा "काल 1,700 मिलिलिटर झालं" म्हटलं की त्यांना लगेच काही ठरवता येतं. आतड्याची गती कमी करणारी लोपेरामाइडसारखी गोळी ते देऊ शकतात. शेजारणीनं दिली म्हणून ती घेऊ नका.

आता खाण्याविषयी. पहिले सहा-आठ आठवडे चोथा कमी खायचा असतो, कारण आतड्याला सूज असते. तो काळ तुमचा कधीच मागे पडला. तुम्ही अजूनही त्याच भीतीत आहात असं वाटतं. आता तुम्हाला जवळजवळ सगळं खाता येईल. अट दोनच: नवा पदार्थ एका वेळी एकच, थोडासा, आणि दोन-तीन दिवस बघून मग पुढचा. आणि चावणं. दात दुखतात म्हणून गिळून टाकायचं, ही सवय या पिशवीला चालत नाही.

भाकरी सोडायची गरज नाही. पीठ चाळून घ्या, भाकरी मऊ करा, वरणात किंवा ताकात कुस्करून खा. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, मीठ घालून, हे तर तुमच्यासाठी फार चांगलं जेवण आहे. भात, उकडलेला बटाटा, केळी, दही, साबुदाणा, रव्याचा उपमा यांनी पिशवीतलं घट्ट होतं. केळीची तर आपल्याकडे वाण नाही, अर्धापूर तुमच्या शेजारीच आहे. तुरीचं वरण चांगलं घोटून घ्या. शेंगदाण्याचं कूट बारीक केलेलं चालेल, अख्खे दाणे नकोत. तीळ, कारळं, जवस यांची चटणी बारीक वाटलेली घ्या. प्रथिनांसाठी दही, पनीर, चालत असेल तर अंडं आणि मऊ शिजवलेलं चिकन. अंड्यानं वास थोडा वाढतो, पण वजन उतरलेल्या माणसानं वासासाठी अंडं सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही पदार्थांशी मात्र जपून राहावं लागेल, कारण आतडं पोटातून बाहेर येतं त्या अरुंद वाटेत ते अडकतात. मक्याचं कणीस, लाह्या, ओलं खोबरं, मशरूम, सुकामेवा, कच्च्या भाज्यांची कोशिंबीर, उसाचं कांडं. हिवाळ्यात हुरडा आणि ढाळे येतात तेव्हाही हे लक्षात ठेवा, तोंडात अर्धवट चावले गेलेले ते दाणे पुढे तसेच जातात. गवारीच्या शिरा काढाव्यात. शेवग्याची शेंग फक्त गर ओरपून टाकून द्यावी. अंबाडीच्या भाजीत धागा असतो, ती कण्या घालून चांगली घोटली तर थोडी खाऊन बघा. वांग्याचं भरीत करा, पण साल आणि बिया काढून. मोसंबीचा रस चालेल, पांढरी साल आणि फोडीची कातडी नको. आमरस लग्नाच्या दिवसात समोर येणारच. एक लहान वाटी, पोळीसोबत. नुसता वाटीवर वाटी प्यायला तर पिशवी पातळ होईल. कोबी, मुळा, कांदा, मटकी, हरभरा यांनी गॅस होतो. तो काही धोका नाही, फक्त कार्यक्रमाच्या दिवशी टाळा. बीट खाल्लं तर पिशवी लाल दिसते, त्याला रक्त समजून घाबरू नका.

वाट अडल्याचं कसं कळेल, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. नेहमी वाहणारी पिशवी चार-सहा तास पूर्ण कोरडी राहिली, पोटात कळा येतायत, पोट फुगलंय, आतड्याचं तोंड सुजलंय, ओकारी येतेय, असं झालं की खाणं बंद करून दवाखान्यात जायचं. एरंडेल, त्रिफळा, जुलाबाची कुठलीही गोळी देऊ नका. आपल्याकडे पोट अडलं की आधी एरंडेल आठवतं, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. लहान आतड्याची पिशवी असलेल्या माणसानं जुलाबाचं औषध कधीच घ्यायचं नाही. नवी औषधं घेतानाही डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला पिशवीबद्दल सांगा. सावकाश विरघळणाऱ्या काही गोळ्या पिशवीत जशाच्या तशा येतात आणि अंगी लागत नाहीत.

हे सदर वाचणाऱ्या ज्यांना मोठ्या आतड्याची पिशवी आहे, त्यांनी पाण्या-मिठाविषयी वर लिहिलेलं स्वतःला लावून घेऊ नये. त्यांची शोषणाची व्यवस्था बरीचशी शाबूत असते. त्यांना उलट बद्धकोष्ठ होऊ शकतं, आणि भरपूर पाणी, भाजी, फळं हाच मार्ग असतो. आपली पिशवी कोणत्या आतड्याची हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. लहान आतड्याची म्हणजे इलिओस्टॉमी, मोठ्याची कोलोस्टॉमी. नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सर्जरीच्या ओपीडीत किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात हे कार्ड घेऊन गेलात तर विचारता येईल. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये उपचार झालेले असतील, तर तिथे पिशवीचं वेगळं क्लिनिक आहे.

ताई, आता कन्यादान.

तुम्ही लिहिलंत, "पोटावर घाण घेऊन". मी पत्र पुन्हा नीट पाहिलं. जाऊ असं म्हणाली, सासूबाई म्हणाल्या, गुरुजी म्हणाले, असं त्यात कुठेच नाही. मालकांना तुमच्या चक्करेची काळजी आहे, बाकी हा शब्द फक्त तुमचा आहे. मांडवात बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात तेच असतं जे तुमच्या पिशवीत आहे. ज्या आतड्यानं तुम्हाला एवढ्या मोठ्या आजारातून वाचवायला मदत केली, त्याला तुम्ही विटाळ म्हणताय, याचं मला फार वाईट वाटलं. चकती नीट चिकटलेली असेल आणि पिशवीचं खालचं तोंड पुसून बंद केलं असेल, तर वास बाहेर येत नाही. वास आला तर समजायचं, कुठेतरी गळतंय, आणि ते दुरुस्त करता येतं.

आणि जावेला बसवायचं का, हे तुम्ही लेकीला विचारलंत का? पत्रावरून वाटतं, नाही विचारलं. तिचा हात तिच्या आईनं धरावा की काकूनं, यात तिचंही काही म्हणणं असेल. व्याह्यांना आत्ता सांगायची सक्ती कुणी केलेली नाही, ते तुम्ही आणि लेक मिळून ठरवा. पण एका बाईला पूर्ण सांगा. जाऊ असेल, बहीण असेल. त्या दिवशी ती तुमच्यासोबत असेल, तिच्या हातातल्या थैलीत तुमचं सामान असेल, आणि तुम्ही मांडवातून दहा मिनिटं उठलात तर ती सांभाळून घेईल.

कन्यादानाचा उपवास पाळायचा असेल, तर फराळाचा पाळा, निरंकार नको. आजाऱ्याला उपवास माफ असतो हे आपल्या घराघरांत म्हातारी माणसं सांगत आली आहेत. पैठणच्या नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. तुमचाही देह तहानलेला आहे. आणि फराळाचे पदार्थ तुमच्या पिशवीला मानवणारे आहेत: साबुदाण्याची खिचडी बारीक कुटाची, भगर मऊ शिजवून, केळी, दही. सैंधव घातलं तरी ते सोडियमचंच मीठ आहे, ते चालतं.

लग्नाचा दिवस असा काढा. पिशवी आदल्या दिवशी सकाळी बदला, काही खाण्याच्या आधी, तेव्हा आतडं शांत असतं. लग्नाच्या सकाळी नवी लावली आणि गडबडीत नीट चिकटली नाही, तर दिवसभर धास्ती. चकतीचं भोक आतड्याच्या तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. मेच्या उन्हात चिकटपणा सैल होतो, म्हणून पिशव्यांचा डबा गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. पहाटे उठल्यावर एक केळं आणि थोडं दही. सात-साडेसातला खिचडी किंवा भगर, पोटभर. मुहूर्त दुपारचा असेल तर दहाच्या सुमाराला पुन्हा थोडं काही. एक लिटर ओआरएस बाटलीत, बहिणीजवळ, आणि तिनं दर अर्ध्या तासाला चार घोट द्यायचे. तुम्ही लेकीची आई आहात, तुमच्या लक्षात राहणार नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, कन्यादानाला बसायच्या आधी तर करायचीच. कार्यालयातलं बाथरूम आदल्या दिवशी बघून ठेवा, पाणी येतं का, कडी लागते का. सोबत दोन पिशव्या, ओला रुमाल, जुनं सुती फडकं, कागदी पिशवी, एक जादा परकर. परकराची नाडी पिशवीच्या तोंडावर घट्ट बसणार नाही अशी, थोडी वर किंवा थोडी खाली बांधा.

कन्यादान झालं की पंगतीत बसा. वरण-भात, पोळी, मिठाचा मठ्ठा, बटाट्याची भाजी. भजी आणि कोशिंबीर राहू द्या, जिलेबीचा एक तुकडा चालेल. संध्याकाळचं जेवण सातच्या आत उरकलं, तर रात्री पिशवीसाठी कमी उठावं लागेल.

आणि लग्नाच्या पंधरा दिवस आधी, रक्ताचा रिपोर्ट ठीक आल्यावर, एक दिवस नेमका असाच काढून बघा. तीच साडी, तेच खाणं त्याच वेळांना, ओआरएसची बाटली, आणि दुपारी दोन-तीन तास घराबाहेर कुणाकडे तरी बसायला जा. कधी किती भरली ते वहीत लिहा. तीच वही पुढे ऑपरेशनची तारीख घ्यायला जाल तेव्हा सर्जनना दाखवा.